डोळ्यातली लेन्स आणि फ्रीजमधली बाटली

पत्र: "डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही कोरेगाव तालुक्यातले. मालकांचं वय ६२. चार वर्षांपूर्वी मोतीबिंदू असेल म्हणून साताऱ्याला दाखवलं, तर काचबिंदू निघाला. तेव्हापासून रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत एक-एक थेंब घालायला सांगितलाय. दर चार महिन्यांनी तपासायला नेतो. डोळ्याचं प्रेशर दरवेळी १५-१६ येतं, डॉक्टर म्हणतात छान आहे. पण यंदा कडेची नजर बघायची फील्ड टेस्ट केली तर डावा डोळा आणखी उतरलाय म्हणाले. मागच्या महिन्यात गोठ्याच्या खांबाला ह्यांचा डावा खांदा धडकला. खांब दिसलाच नाही म्हणाले. आमचं आलं असतं, घेवडा असतो. एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटार चालू करायला अपरात्री जावं लागतं. औषधाची आम्ही हयगय करत नाही. बाटली फ्रीजमध्ये जपून ठेवतो, एक बाटली अडीच महिने पुरते. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्याने मोबाइलवर वाचलं की डोळ्यात घालायची एक लेन्स आलीय, ती चोवीस तास प्रेशर मोजते. तो म्हणतो, रात्री प्रेशर वाढत असणार, दवाखान्यात ते कळत नाही. लेन्स मागवू, पैशाचं मी बघतो. मागवावी का? आणि ह्यांची नजर राहील ना?"

ताई, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यासाठीच लिहिलंय हे कळतंय. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी शीर जिथे सुकली, तिथे ती पुन्हा हिरवी होत नाही. पण आज जेवढी नजर शिल्लक आहे तेवढी राखता येते, आणि नीट उपचार घेणाऱ्या बहुतेकांची ती आयुष्यभर राहते. मालक ६२ वर्षांचे आहेत. त्यांना अजून वीस-पंचवीस वर्षं पुरेल अशी नजर राखायची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलाने काढलेला मुद्दा बरोबर आहे. त्याला तसं सांगा.

डोळ्याच्या पुढच्या भागात सतत पाणी तयार होत असतं. अश्रू नव्हेत, आतलं पाणी. मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे औषधाच्या बाटलीतला एक थेंब व्हायला दहा-बारा मिनिटं लागावीत इतकं थोडं, पण अखंड. बुबुळाच्या कडेला आत एक बारीक जाळी असते, तिच्यातून ते बाहेर पडतं. तुमच्या शेताच्या भाषेत सांगायचं तर मोटार चालूच आहे आणि चारीच्या तोंडाशी गाळ साचत चाललाय. पाणी तुंबलं की दाब वाढतो, आणि त्याचा भार मागच्या शिरेवर येतो. आधी कडेची नजर जाते, समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. म्हणून माणसाला वाटतं आपल्याला काही झालेलंच नाही, आणि गोठ्यातला रोजचा खांब खांद्याला लागतो.

हा दाब दिवसभर एकसारखा नसतो. सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या मापाने १० ते २१ मिलिमीटर हा नेहमीचा आकडा धरतात, पण एकाच माणसाचा तो सकाळी वेगळा, दुपारी वेगळा येतो. निरोगी डोळ्यात हा फरक तीन-चार, फार तर सहा मिलिमीटरचा. काचबिंदूच्या डोळ्यात त्याहून जास्त होऊ शकतो. आणि बऱ्याच जणांचा दाब सगळ्यात वर जातो तो रात्री झोपेत आणि पहाटे. अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठात माणसांना प्रयोगशाळेत झोपवून, रात्री उठवून-उठवून हे मोजलेलं आहे. गंमत म्हणजे रात्री आतलं पाणी तयार होणं जवळजवळ निम्म्यावर येतं. तरी दाब वाढतो, कारण माणूस आडवा झाला की डोळ्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि पाण्याला बाहेर पडायला उतार उरत नाही. पाट उताराला आहे तोवर पाणी पळतं, सपाट झाला की रेंगाळतं, तसंच.

आता तुमच्या चार महिन्यांच्या तपासणीकडे बघा. वर्षातून तीन वेळा, दरवेळी काही सेकंद, आणि तेही बहुधा सकाळी, खुर्चीत ताठ बसवून. ती १५-१६ खरी, पण त्या सकाळची. म्हणून रात्री काय होतं, हा मुलाचा प्रश्न काचबिंदूचे डॉक्टरही विचारतात, आणि त्याच्याच उत्तरासाठी ही लेन्स बनली.

लेन्स काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे मुलाशी बोलताना तुम्हाला अंदाज राहील. तिचं नाव ट्रिगरफिश. स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावच्या सेन्सिमेड नावाच्या कंपनीची. दिसायला साध्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्ससारखी, पण सिलिकॉनच्या आत कडेने केसासारखी बारीक धातूची तार गोल फिरवलेली असते. डोळ्यातला दाब वाढला की बुबुळाच्या कडेचा गोलावा अगदी किंचित बदलतो, तार ताणली जाते आणि तो ताण नोंदला जातो. डोळ्याभोवती चिकटपट्टीसारखी एक गोल अँटेना लावतात, तिथून वायर खाली येते ती अंगावर अडकवलेल्या छोट्या यंत्रात. दर पाच मिनिटांनी तीस सेकंद मोजणी, म्हणजे चोवीस तासांत २८८ वेळा. माणूस झोपला तरी मोजणी चालूच. डोळा थोडा लाल होतो, धूसर दिसतं, ते पुढे निवळतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तिला परवानगी दिली.

पण ती परवानगी कशासाठी आहे, हे मुलाने वाचलेल्या बातमीत बहुधा नसेल. ही लेन्स दाबाचा आकडा देत नाही. दवाखान्यात १५ किंवा १६ मिलिमीटर येतं, तसं काही ती सांगत नाही. ती तारेवरचा ताण विजेच्या मापात नोंदते आणि त्याचा चढउतार काढून देते. रात्री दोनला वर गेलं, पहाटे पाचला सगळ्यात वर गेलं, एवढं कळतं. वर म्हणजे १८ की २८, ते नाही कळत. तिचा उपयोग इतकाच, की दाब दिवसाच्या कोणत्या वेळी चढतो ते ओळखायचं आणि त्या वेळी नेहमीच्या यंत्राने खरा आकडा घ्यायचा. एक लेन्स एकदाच, फार तर चोवीस तास वापरायची. बसवायची डॉक्टरांनी, काढायची डॉक्टरांनी. कुरिअरने मागवून घरी आरशासमोर लावायची ही गोष्टच नाही, आणि आपल्याकडच्या रोजच्या ओपीडीत ती अजून आलेली नाही.

आकडाच हवा असेल तर घरी दाब मोजायचं एक हातातलं यंत्र निघालंय, फिनलंडच्या आयकेअर कंपनीचं. त्याची बारीक दांडी क्षणभर बुबुळाला टेकून मागे येते, भूल द्यावी लागत नाही, आणि मिलिमीटरमध्ये आकडा मिळतो. नव्या मॉडेलवर झोपलेल्या अवस्थेतही मोजता येतं. काही मोठ्या डोळ्यांच्या रुग्णालयांत हे यंत्र चार-आठ दिवसांसाठी घरी देतात का, याची चौकशी मुलाने पुण्यात करायला हरकत नाही. जर्मनीच्या हॅनोव्हरमध्ये तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळीच डोळ्यात कायमचा सेन्सर बसवायची तयारी झाली आहे. तो फार पुढचा विषय, सध्या सोडून देऊ.

हे सगळं मनापासून लिहिलं, कारण मला या शोधांचं खरंच कौतुक आहे. तरी मालकांसाठी आज ही लेन्स मागवू नका असं मी सांगणार आहे. त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे.

"एक बाटली अडीच महिने पुरते."

ताई, तुम्ही हे जपून वापरतो या अर्थाने लिहिलंत. मी तिथेच थांबले. पत्रात औषधाचं नाव नाही, पण रात्री एकच थेंब आणि फ्रीज म्हटल्यावर ते लॅटानोप्रोस्ट किंवा त्याच जातीचं असणार. ती बाटली साधारण अडीच मिलिलिटरची येते. तिच्यात कमीजास्त ८० थेंब. दोन डोळे, रोज दोन थेंब, म्हणजे नेम धरून एकही थेंब वाया न घालवता चाळीस दिवस. कुणाचाच नेम इतका बसत नाही. एखादा थेंब पापणीवर, एखादा गालावर जातोच, त्यामुळे बाटली महिन्या-सव्वा महिन्यात संपते, संपायलाच हवी. अडीच महिने म्हणजे ७५ दिवस, त्याला दीडशे थेंब लागतील. ते त्या बाटलीत नाहीत.

म्हणजे निम्म्या रात्री थेंब पडतच नाहीये. आणि तुम्हीच लिहिलंय, एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. हिशोब इथे जुळतो. ज्या आठवड्यात मोटारीसाठी उठायचं असतं, त्या आठवड्यात "झोपताना" अशी वेळच नसते. माणूस जेवून तसाच लवंडतो, बाराला उठून रानात जातो, येतो तेव्हा पाय चिखलाने भरलेले असतात आणि डोळे मिटत असतात. त्या वेळी फ्रीज उघडून बाटली कोण काढणार? बाटलीवर दुसरा काही आकडा असेल, औषध वेगळं असेल, तर हाच हिशोब त्या आकड्याने करून बघा. फार वेगळं उत्तर येईल असं मला वाटत नाही.

मग दवाखान्यात १५ कसं येतं? तपासणीची तारीख जवळ आली की घरात आठवण निघते. "परवा साताऱ्याला जायचंय, औषध घाला." दोन-चार दिवस थेंब नेमाने पडतो. हे औषध तीन-चार तासांत लागू पडतं आणि आठ ते बारा तासांनी त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. रात्री दहाला घातलेला थेंब सकाळी आठ-दहाला पूर्ण भरात असतो, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही डॉक्टरांसमोर बसलेले असता. डॉक्टरांना वर्षातल्या सगळ्यात चांगल्या तीन सकाळी दिसतात. उरलेल्या दिवसांचा साक्षीदार डावा डोळा आहे, त्याने फील्ड टेस्टमध्ये सांगितलं.

मालकांना याचा जाब विचारू नका, माझी कळकळीची विनंती आहे. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. थेंब घातला म्हणून उद्या जास्त दिसत नाही, नाही घातला म्हणून कमी दिसत नाही. शिवाय तो चुरचुरतो, डोळे लाल करतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते, वाई तालुक्यात. त्यांना एका ठिकाणी सांगितलं होतं की मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू. ते पिकायची वाट बघत राहिले आणि तो काचबिंदू होता. मी शिकून आले तोवर उजवा डोळा गेला होता. डाव्यासाठी थेंब सुरू केले, आणि तरीही एके दिवशी कपाटात धोतरांच्या घडीमागे मला तीन न फोडलेल्या बाटल्या सापडल्या. ज्यांच्या मुलांची हजेरी कधी चुकली नाही असे ते गुरुजी, आणि घरात मुलगी डोळ्यांची डॉक्टर. मी त्यांच्यावर ओरडले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दिवसानंतर थेंब मी किंवा आई घालायची. तो डोळा शेवटपर्यंत राहिला. गेले त्या आठवड्यातही त्यांनी पेपर वाचला होता.

तर आता काय करायचं ते सांगते.

थेंबाची वेळ झोपण्याशी बांधू नका, दिवेलागणीशी बांधा. या औषधाच्या माहितीपत्रकात "संध्याकाळी" असं म्हटलेलं असतं, "झोपताना" हे आपण सवयीने म्हणतो. तुम्ही देवापाशी दिवा लावता त्या वेळी मालक घरात असतात का? असतील तर दिवा लागला की थेंब. रात्रीची लाईट असो की दिवसाची, दिवा रोज लागतो. वेळ बदलतोय एवढं डॉक्टरांच्या कानावर घाला. एखाद्या दिवशी राहिलाच तर दुसऱ्या दिवशी नेहमीचा एकच थेंब. काल राहिला म्हणून आज दोन घालू नका. हे औषध दिवसातून एकदाच घालायचं असतं, जास्त वेळा घातलं तर परिणाम उलट कमी होतो.

आणि थेंब तुम्ही घाला. स्वतःच्या डोळ्यात नीट थेंब टाकणं अवघड असतं, त्यात कुदळ-खोरं धरून राठ झालेल्या बोटांना ती इवली बाटली दाबायचा अंदाज येत नाही. मालकांना खाटेवर उताणं झोपवा किंवा खुर्चीत मान मागे टाकायला सांगा. हात धुऊन घ्या. डाव्या हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच ओढा, आत लाल खोबणी दिसेल. त्यांना वर आढ्याकडे बघायला सांगा. बाटलीचं टोक पापणीला लागू न देता खोबणीत एकच थेंब सोडा. मग डोळा अलगद मिटायचा, गच्च आवळायचा नाही. नाकाच्या बाजूला डोळ्याच्या कोपऱ्यात बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. डोळ्यातून नाकात जायची बारीक नळी तिथे असते, ती बंद राहिली की औषध घशात न उतरता डोळ्यात थांबतं. गालावर ओघळ आला तर पुसून टाका, नाहीतर हळूहळू तिथली कातडी काळवंडते.

पुढच्या तपासणीची वाट न बघता एकदा साताऱ्याला जाऊन या आणि डॉक्टरांना सरळ सांगा, की निम्मे थेंब राहिले आहेत. हे बोलायला जड जाईल, पण बोलाच. डॉक्टर आज असं समजून चाललेत की औषध पूर्ण पडूनही शीर सुकतेय. अशा वेळी त्यांना दुसरं औषध वाढवावं लागतं, नाहीतर ऑपरेशनचा विचार करावा लागतो. खरी गोष्ट कळली तर कदाचित यातलं काहीच लागणार नाही. कुणी रागावलं तरी दोन मिनिटं ऐकून घ्या.

त्याच भेटीत विचारा, की सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत दर दोन-तीन तासांनी प्रेशर मोजून मिळेल का. दिवसभर थांबावं लागेल, डबा घेऊन जा. मुलाच्या शंकेचं अर्धं उत्तर यातूनच मिळतं, आणि तेही खऱ्या आकड्यात. बुबुळाच्या पडद्याची जाडी मोजली आहे का तेही विचारा. सरासरी जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते. पडदा त्याहून पातळ असेल तर यंत्र दाब खरा असतो त्याहून कमी दाखवतं, आणि मग १५ हे १५ राहत नाही. ही तपासणी पाच मिनिटांची आहे.

ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल आणि ती रात्री घेत असतील, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा. झोपेत रक्तदाब फार उतरला तर शिरेला रक्त कमी पडतं, आणि डोळ्यातला दाब ठीक असूनही ती सुकत राहते. गोळी मनाने बंद मात्र करू नका, वेळ बदलायची की नाही ते फिजिशियन ठरवतील. दुसरं म्हणजे आल्याची माती, घेवड्याच्या मळणीचा भुसा डोळ्यात गेला, डोळा चुरचुरला, की मेडिकलमधून एखादी बाटली आणायची पद्धत आहे. त्यातल्या कित्येक थेंबांत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत डोळा शांत होतो, म्हणून ती बाटली घरातली होऊन बसते, आणि आतला दाब मात्र गुपचूप चढत जातो. काचबिंदू असलेल्या घरात ती बाटली नकोच. घरात असतील त्या सगळ्या बाटल्या, मलमं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.

आता पैशाचं. मुलगा खर्च करायला तयार आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्याला दोन जागा सुचवते.

पहिली जागा लेझरची. डोळ्याच्या आत ती जाळी असते तिथला कोपरा उघडा असलेल्या काचबिंदूत, पाणी जायच्या जाळीवर लेझर मारून ती मोकळी करता येते. एसएलटी म्हणतात त्याला. थेंब टाकून बधिर करतात, काही मिनिटांत होतं, त्याच दिवशी घरी. ब्रिटनमध्ये यावर मोठी चाचणी झाली, लाइट नावाची. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ज्यांना सुरुवातीलाच लेझर केला, त्यांच्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांचा दाब तीन वर्षं थेंबांशिवाय हवा तेवढा राहिला. ते रुग्ण नव्याने निदान झालेले होते, मालकांची चार वर्षं झालीत, शीरही पुढे सुकलीय, त्यामुळे तसंच्या तसं इथे लागू होईल असं मी म्हणत नाही. कालांतराने त्याचा परिणाम ओसरतोही. पण ज्या माणसाच्या रात्री मोटारीच्या हातात आहेत, त्याच्यासाठी लेझर रात्रीसुद्धा काम करत राहतो. डॉक्टरांना नाव घेऊन विचारा: कोपरा उघडा आहे का, एसएलटीचा उपयोग होईल का?

दुसरी जागा तुम्हाला वाटेल भलतीच. विहिरीच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवून घ्या. तुमच्या शिवारात एखाद्याकडे असेलच. घरातून फोन लावला की मोटार चालू, फोन लावला की बंद. हे मी अगदी डॉक्टर म्हणूनच लिहितेय. काचबिंदूत कडेची नजर जाते तशी अंधाराला सरावायची ताकदही जाते. रोजच्या गोठ्यातला डाव्या बाजूचा खांब ज्यांना दिसला नाही, त्यांना रात्री एकला बांधावरची घळ, उघडी विहीर, वाटेवरचं जनावर काय दिसणार? पाणी द्यायला रानात जावंच लागेल, ते मला कळतं. तेव्हा कपाळाला बांधायचा टॉर्च लावा, आणि सोबत कुणीतरी डाव्या बाजूने चाला. अंधार पडल्यावर मोटारसायकल मात्र त्यांच्या हातात देऊ नका. डावीकडून आलेली गाडी त्यांना शेवटच्या क्षणी दिसेल.

एवढं करून, म्हणजे दोन-तीन महिने रोजचा थेंब पक्का पडूनही पुढच्या फील्ड टेस्टमध्ये डोळा उतरलेला दिसला, तर मुलाची शंका पुन्हा काढू. तेव्हा घरी मोजायचं यंत्र, पहाटेचं प्रेशर, आणि कुठे सोय असेल तर ही लेन्ससुद्धा, सगळ्याचा विचार करणं रास्त ठरेल. मग मीच लिहीन की करा. आज लेन्स लावली तर ती फक्त एवढं दाखवेल, की ज्या रात्री थेंब पडला नाही त्या रात्री आलेख वर गेला.

आणि मुलाला हे जरूर वाचायला द्या. वडिलांना काचबिंदू असलेल्या मुलांना तो होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. त्याने चाळिशीची वाट न बघता पुण्यात स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याचा नंबर काढून येऊ नये, वडिलांना काचबिंदू आहे असं सांगून प्रेशर, शीर आणि कोपरा तिन्ही बघायला सांगावं. तुमचे दीर आणि नणंदा असतील, त्यांनाही निरोप द्या. सख्ख्या भावंडांनाही हे लागू आहे.

फ्रीजमधली ती जुनी बाटली आजच टाकून द्या. उघडल्यापासून चार-सहा आठवड्यांनंतर ती वापरायची नसते. नवी आणा, आणि ज्या संध्याकाळी फोडाल त्या दिवसाची तारीख तिच्या लेबलवर पेनाने लिहा. ती संपेल त्या दिवशी मला दोन तारखा कळवा, फोडल्याची आणि संपल्याची. मी वाट बघते.